उताराचं डिझेल

माझगाव, मुंबई
१२ नोव्हेंबर १९६३

ती. अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. गणपतीला येतो म्हणून कळवलं आणि आलो नाही, त्यावर तू दोन महिने पत्र टाकलं नाहीस. चूक माझीच. पण हे पत्र पुरतं वाच आणि दाजींनाही वाचून दाखव, कारण काम त्यांच्याकडेच आहे.

मी ज्या तेलाच्या वखारीत आहे, तिथल्या शेटनी एक नवी दवा काढली आहे. डिझेलच्या टाकीत घालायची. नाव 'वेगवर्धिनी'. एका टाकीला एक बाटली, बाटली दीड रुपयाची. शेट म्हणतात, ही घातली की डिझेल पुरतं जळतं, धूर कमी होतो आणि सहा लिटरांत एक लिटर वाचतं. मुंबईतले काही मोटारवाले घेतात, पण इथला रस्ता सपाट. शेटना घाटात चालणाऱ्या लॉरीचा लेखी अनुभव पाहिजे. परवा त्यांनी विचारलं, कुणाच्या ओळखीचा घाटातला लॉरीवाला आहे का, आणि माझ्या तोंडून दाजींचं नाव निघून गेलं.

अक्का, अनुभव चांगला आला तर महाड-पोलादपूर भागाची एजन्सी शेट मला देणार आहेत. म्हणजे गावी राहून धंदा. मला इथं सहा वर्षं झाली. लग्नाला चार झाली आणि त्यात मैनेबरोबर काढलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके. मागच्या खेपेला ती वाडीच्या उतरणीपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "पुढल्या येळी पाव्हण्यावानी याचं असंल तर येऊ नका." ते वाक्य माझ्याबरोबर वखारीत येतं, खोलीवर येतं.

हो की नाही, तेवढं तरी लवकर कळव.

तुझा,
सहदेव


पोलादपूर
२० नोव्हेंबर १९६३

चि. सहदेव यास आशीर्वाद.

राग गेला असं समजू नकोस. ह्यांना पत्र वाचून दाखवलं. ओट्यावर दाढी करत बसले होते. अर्धी दाढी तशीच ठेवून म्हणाले, "लिव त्याला, हैबती हाय म्हणावं. बाटल्या धाड." ह्यांना लिहिता येत नाही, तेव्हा मोजणी लिहून ठेवायचं काम माझं.

पण आधीची मोजणी केल्याशिवाय नंतरची मी लिहिणार नाही. सातवीपर्यंत शिकले ती नुसती पत्रं लिहायला नाही. लॉरी महाडला गिरणीवर तांदूळ भरते, इथून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला जाते आणि बटाटा घेऊन उतरते. अशा पाच फेऱ्या इथल्या दुकानातल्या पिंपाच्या डिझेलवर करायच्या, पाच महाडच्या पंपाच्या डिझेलवर, आणि मग पाच पंपाच्याच डिझेलमध्ये तुझी दवा घालून. पंपाचं डिझेल लिटरमागं पाच पैशांनी महाग पडतं, म्हणून हे आजवर पिंपाचंच घालत आले. मला वाटतं, दवेचं राहू दे, चांगल्या डिझेलनंच काय फरक पडतो ते तरी एकदा कळू दे.

लॉरीवर चांगूनाना अजून आहेत. पन्नाशी उलटली तरी क्लीनरचं काम सोडत नाहीत. त्यांनी टाकीत एकेक लिटर ओतून बांबूच्या काठीवर खुणा पाडल्या आहेत. महाडहून निघताना, वर पोचल्यावर आणि महाडला परतल्यावर, असं तीनदा काठी बुडवायची आणि मला येऊन सांगायचं.

मैना रविवारी नाचणी दळायला खाली आली होती. तिला एजन्सीचं सांगितलं. "वन्सं, आल्यावर सांगा," म्हणाली आणि पीठ डोक्यावर घेऊन निघाली. चहासुद्धा घेतला नाही.

तुझी,
अक्का


माझगाव
२ डिसेंबर १९६३

ती. अक्का,

बारा बाटल्या एस.टी.नं पार्सल केल्या आहेत. महाडच्या स्टँडवर सोडवून घ्या.

शेट रोज विचारतात, अनुभव आला का. तू पिंप आणि पंप ह्यांत कशाला दिवस घालवतेस ते मला कळत नाही. दुसऱ्या एका माणसाचा भाऊ सातारच्या बाजूला लॉरी चालवतो आणि तो माणूस शेटच्या मागं लागला आहे. त्याचा कागद आधी आला तर माझं संपलं. दाजींना म्हणावं, माझं सगळं आता त्यांच्या हातात आहे. आकडा चांगला येईल असं बघा.

घाईत आहे.

सहदेव


पोलादपूर
२४ डिसेंबर १९६३

चि. सहदेव,

पंधरा फेऱ्या काल झाल्या. महाड ते महाबळेश्वर आणि परत, एका फेरीला पिंपाचं डिझेल चव्वेचाळीस लिटर लागतं. पंपाचं एक्केचाळीस. महाग असलं तरी तीन लिटर कमी लागत असल्यामुळं पैशांत बरोबरीच होते. वर चांगूनाना म्हणतात, धूर कमी झाला आणि इंजिनात डिझेल फवारणारं नोझल चोंदायचं थांबलं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही स्वस्ताच्या नादानं काही वाचवलं नाही.

आता तुझी दवा. पहिल्या फेरीला काहीच फरक नव्हता, एक्केचाळीसच. मी ह्यांना तसं सांगितलं, तर स्वतः काठी घेऊन खूण बघत बसले. पुढच्या फेरीला अडतीस आलं. मग चौतीस, आणि नंतरच्या दोन्ही फेऱ्यांना चौतीसच. शेट म्हणतात तसं, सहात एक.

मला आनंद व्हायला हवा. पण काठीच्या खुणा मी पुन्हा पुन्हा लावून बघते. चढाला दवेशिवाय तीस लिटर लागत होतं आणि दवा घालूनही तीसच लागतं. उताराला अकरा लागत होतं, ते चारावर आलं. भरल्या लॉरीला चढताना जी दवा थेंबभर मदत करत नाही, ती उतरताना निम्म्याहून जास्त डिझेल वाचवते, हे कसं? तुझ्या शेटना विचारून मला नीट कळव.

आणखी एक. हे हल्ली फेरीवरून आले की जेवताना त्यांचा घास हातात राहतो. दिवसातून चारदा उठून लॉरीच्या चाकांपाशी जातात, वाकून बघतात आणि परत येतात. विचारलं तर म्हणाले, "दवेचा वास डोक्यात जातो." चांगूनानांना विचारलं, तर ते माझ्याकडं बघतच नाहीत.

अक्का


माझगाव
१ जानेवारी १९६४

ती. अक्का,

तुझं पत्र शेटना दाखवलं. म्हणजे आकड्यांचा भाग दाखवला. शेट इतके खूश झाले की तिथल्या तिथं कारकुनाला बोलावून पत्रक लिहायला सांगितलं. 'आंबेनळी घाटातील अनुभवी लॉरीवाले श्री. हैबती यांची ग्वाही: सहा लिटरांत एक लिटर बचत.' खाली महाडच्या एका दुकानदाराचं नाव आहे, माझी एजन्सी सुरू होईपर्यंत तो माल विकेल. पत्रकं आणि दहा खोकी परवाच महाडला गेली.

चढ-उताराचं मी विचारलं. शेट म्हणाले, उताराला इंजिनवर भार नसतो, तेव्हा दवेला आपलं काम करायला सवड मिळते. मला पटलं. तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस अक्का. लहानपणीही माझी पाटी तपासताना आधी चूकच शोधायचीस.

दाजींना सांग, फेब्रुवारीत येतो, कायमचा. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मैनेला मात्र अजून सांगू नकोस. मीच जाऊन सांगेन.

सहदेव


पोलादपूर
१२ जानेवारी १९६४

चि. सहदेव,

तुझ्या शेटचं उत्तर मला पटलं नाही. म्हणून शुक्रवारी ह्यांना न सांगता मी एस.टी.नं घाटात गेले. तुळजाबाई एकटी घाटात कुठं निघाली, म्हणून कंडक्टरनं दोनदा विचारलं. अर्ध्या घाटात एका वळणावर उतरले. दुपारचे तीन वाजले असतील. करवंदीच्या जाळीलगत बसून राहिले. त्या वेळेला ह्यांची लॉरी उतरते, हे मला ठाऊक होतं. आपली लॉरी मी आवाजावरून ओळखते. कान देऊन बसले होते, पण आवाज आलाच नाही.

आली ती एकदम दिसली. भरलेली लॉरी, आणि इंजिनचा आवाज नाही. फळ्या खडखडत होत्या आणि टायरांखाली खडी चुरत होती, तेवढंच. मी उठून हात वर केला. ह्यांनी मला बघितलं. त्यांचा चेहरा मला दिसला, सहदेव. पाय ब्रेकवर रेटून अर्धे उभे राहिले होते, तरी लॉरी माझ्यासमोरून निघून गेली. पुढचं वळण गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. मी धावत गेले तेव्हा डोंगराच्या बाजूला चाक गटारात घालून थांबवली होती. चांगूनाना उडी टाकून चाकाखाली दगड सारत होते. चाकांतून धूर येत होता आणि जळक्याचा वास सुटला होता.

चांगूनानाच म्हणाले, "वयनी, मी रोज दगड मांडीवर घिऊन बसतो. मालकांना सांगून दमलो."

मग हे खाली उतरले. रस्त्यावरच बसले. म्हणाले, "पयल्या फेरीला काय वाचलंच नाय. त्यानं लिवलं व्हतं, आकडा चांगला येऊ द्या. मंग उताराला इंजान बंद करून सोडायला लागलो."

"आणि लॉरी दरीत गेली असती तर?"

"सहदेव घरी यावा, आसं तुला वाटत नाय व्हय?"

वाटतं. तुला माहीत आहे किती वाटतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

काल दवा घालून, इंजिन चालू ठेवून फेरी केली. मी स्वतः लॉरीत बसून गेले आणि आले. एक्केचाळीस लिटर. दवेनं काहीही होत नाही. चांगलं डिझेल आणि साफ नोझल, एवढंच खरं. शेटना आजच्या आज सांग आणि ह्यांचं नाव असलेलं ते पत्रक परत घ्यायला लाव. उशीर करू नकोस.

अक्का


माझगाव
१९ जानेवारी १९६४

ती. अक्का,

पत्र वाचून खोलीवर बसवेना. वखारीच्या शेजारी मोटारींचं गॅरेज आहे, तिथल्या सदू मिस्त्रीकडे गेलो. त्यानं सांगितलं, इंजिन बंद केलं की ब्रेकला मिळणारा जोर थांबतो. पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक लागतो आणि मग पाय लाकडावर दाबावा तसं होतं. "कोण गाढव घाटात असं करतो?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही. दाजींना माझी शपथ घाल, पुन्हा असं करू नका म्हणावं.

शेटना मी सांगणारच आहे. पण ह्या आठवड्यात ते मालाच्या गडबडीत आहेत, आणि पत्रकं तर गेलेलीच आहेत. महाडला विक्री चांगली आहे असं दुकानदार कळवतो. दवेनं कुणाचं भलं झालं नाही तरी वाईटही होत नाही, बाटलीमागं दीड रुपया गेला एवढंच. नीट वेळ बघून बोलेन. एकदा एजन्सीचा कागद हातात आला की मी स्वतःच तिथं ती विकणं बंद करीन, हा एक मार्ग मला सुचतो. तू घाई करू नकोस.

सहदेव


पोलादपूर
३० जानेवारी १९६४

सहदेव,

वरंधच्या मुरारीची लॉरी मंगळवारी वरंधा घाटात डोंगरावर आदळली. भोरहून गूळ घेऊन उतरत होता. ब्रेक लागेना, तेव्हा दरी टाळून त्यानं स्वतःच डोंगराच्या अंगावर घातली. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. महाडच्या दवाखान्यात आहे. चौतिशीचा माणूस, बायको ठमाबाई आणि दोन लहान मुली.

खबर कळली तेव्हा हे लॉरी धूत होते. बादली तिथंच टाकून आत आले आणि भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "मीच सांगितलं व्हतं त्याला."

पत्रक महाडच्या लॉरीतळावर आलं तेव्हाच मुरारीनं ह्यांना गाठलं होतं. "हैबतीदादा, तुमचं नाव छापलंय. म्या दोन बाटल्या घातल्या, मला थेंब वाचंना. तुम्ही करता तरी काय?" खरं सांगितलं तर तुझं बिघडेल, म्हणून ह्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, दवा उताराला लागते, इंजिन बंद कर. मी घाटात ह्यांना पकडलं त्याच्या आधीची ही गोष्ट. पकडल्यावर ह्यांनी स्वतः तसं करणं सोडलं, पण मुरारीला जाऊन सांगितलं नाही. लाज वाटली म्हणतात. आणि त्या दिवशी मीही विचारलं नाही, हे आणखी कुणाला शिकवलंत का म्हणून. विचारायला हवं होतं. तो प्रश्न आता रोज माझ्यासमोर येऊन उभा राहतो.

माझं पत्र तुला पंधरा तारखेच्या सुमाराला मिळालं असेल. मुरारी अठ्ठावीस तारखेला पडला. मधले दिवस कुणाच्या वाट्याचे, ते तू ठरव. बाटलीनं कुणाचं वाईट होत नाही असं तू लिहिलंस, ते पत्र मी ह्यांना वाचून दाखवलेलं नाही.

हे आज दवाखान्यात गेले आहेत. मी अडवलं नाही. तिथली माणसं काय करतील, सांगता येत नाही.

अक्का


वरंध
१८ फेब्रुवारी १९६४

ती. अक्का,

मी महाडला आल्याचं तुला दाजींकडून कळलंच असेल. तुझ्यासमोर यायचा धीर झाला नाही, म्हणून सहा कोसांवर असून पत्र लिहितो आहे.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी शेटकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "लॉरी दवेनं पडली का? तुमच्या माणसानं इंजिन बंद केलं." ते खरं होतं. तरी मी म्हटलं, पत्रक परत घ्या. ते म्हणाले, पगार घ्या आणि निघा. निघालो.

दवाखान्यात दाजी बाहेरच्या बाकावर बसले होते. रोज सकाळी येऊन बसत, आत जात नसत. त्यांना घेऊन मीच आत गेलो. मुरारीनं दाजींना ओळखलं, मला नाही. मी कोण ते सांगितलं. ठमाबाई उशाशी होत्या, त्या उठून खिडकीपाशी गेल्या. मुरारी छताकडं बघत म्हणाला, "येक सांगा. त्या बाटलीत व्हतं काय?"

"रॉकेल, थोडा कापूर आणि रंग," मी म्हटलं. वखार सोडताना कारकुनानं ते सांगितलं होतं.

"मंग चार फेऱ्या माजं डिझेल वाचलं कसं?"

"तुम्ही वाचवलंत. जीव पणाला लावून."

तो हसला, अक्का. मला वाटलं होतं शिव्या देईल. हसता हसता तोंड भिंतीकडं वळवलं आणि पुन्हा आमच्याकडं बघितलं नाही. दाजी त्याच्या उरलेल्या पायावर हात ठेवून उभे राहिले, तेव्हा त्यानं पाय काढून घेतला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी लॉरीतळावर सगळे ड्रायव्हर जमतात त्या वेळेला गेलो. दाजी म्हणाले, मी बोलतो. मी म्हटलं, पत्रकावर नाव तुमचं आहे, पण ते मी नेऊन दिलं. दवा खोटी आहे, आकडा खोटा आहे आणि तो कसा आला, हे मीच बोललो. तरी दाजी पुढं आलेच आणि म्हणाले, "आनी कुनी उताराला बंद करत असंल, तर आजपास्नं सोडा. म्या केलं, म्या शिकवलं." तिघांनी माना खाली घातल्या. म्हणजे तिघं करत होते. त्यातला एक घाटमाथ्यावरचा होता, वयानं दाजींहून मोठा. जाताना त्यानं माझ्या खांद्याला धरून बाजूला सारलं. जोरानं नाही, वाटेतलं काही सारावं तसं.

आता वरंधला आहे. मुरारीच्या शेतात वाल काढणीला आला होता आणि घरात करणारं कुणी नाही. मी ठमाबाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या. सकाळी जाऊन उपटायला लागलो. दोन दिवस त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या मुलीनं बांधावर भाकरी आणून ठेवली आणि ती पळून गेली.

काल दुपारी बांधावर मैना उभी दिसली. वाडीपासून इथवर चालत आली होती. तिला कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. मी उभा राहिलो. हात मातीचे होते, पुसायलाही सुचलं नाही. म्हणालो, मुंबई सुटली, एजन्सी नाही, हातात काही नाही.

"ते ठाव हाय," म्हणाली. "हितं किती दिस लागतील?"

मी म्हटलं, वाल झोडून होईपर्यंत, मग भाताच्या रोपांसाठी राब भाजून होईपर्यंत, मुरारी कुबडी घेऊन उठेपर्यंत. दीड-दोन महिने. त्यानंतरचं मला काही सांगता येत नाही.

तिनं पदर खोचला आणि माझ्या शेजारच्या ओळीला बसून वाल उपटायला लागली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं उपटत राहिलो. रात्री ती मुलींजवळ निजली.

आज सकाळी ठमाबाई शेतात आल्या. थोडा वेळ आमच्या मागं उभ्या राहिल्या. मग पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या. "त्या कोपऱ्यातला अजून हिरवा हाय," म्हणाल्या. "तेवढा राहू द्या."

तुझा,
सहदेव